२० तारीख, ६४ पार्ट्या आणि एक मोबाईल: तुम्ही कसं सांभाळता?

मागाच्या गावची | २३ डिसेंबर, रात्री ११.५०

नमस्कार मंडळी. वेळ बघून हसू नका, आत्ताच हातातलं काम संपलं.

मी इचलकरंजीत कर सल्लागार आहे. ऑफिस वडिलांचं, सेल्स टॅक्सच्या काळातलं. त्यांच्या वेळी पार्टी (म्हणजे आमचं गिऱ्हाईक) लाल वह्या पिशवीत घालून यायची, टेबलावर ठेवायची, चहा प्यायची आणि आठ दिवस तोंड दाखवायची नाही. आता वह्या येत नाहीत, फोटो येतात. बिलाचा फोटो, बिलाच्या फोटोचा फोटो, मध्येच मुलीच्या बारशाचा फोटो आणि त्याखाली 'मॅडम तेवढं बघा की'.

माझ्याकडे ६४ पार्ट्या आहेत. निम्मे यंत्रमागवाले, त्यातले बरेच खर्चीवाले (दुसऱ्याच्या सुतावर मजुरीनं कापड विणणारे). बाकी सुताचे व्यापारी, दोन सायझिंग (सुताला खळ लावणारे), थोडं किराणा आणि मेडिकल. ऑफिसात मी आणि दोन मुली. एक टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) एंट्री करते, दुसरी रिटर्नं तयार करते. महिना म्हणजे ७ ला टीडीएस भरा, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न), १४ ला २बी (खरेदीवरच्या जीएसटीची पोर्टलवरची यादी) उघडून बघा कुणाचं क्रेडिट, म्हणजे त्या जीएसटीची वजावट, आलं नाही, १५ ला पीएफ, २० ला ३बी (कर भरायचं रिटर्न). तारखांचं मला काही वाटत नाही. तारीख कधी मला रात्री फोन करत नाही.

झालं काय ते सांगते. २० नोव्हेंबरला संध्याकाळी एका मागवाल्याचं ३बी भरत होते. मागच्या महिन्यात राहिलेल्या एका बिलाचं क्रेडिट धरायचं होतं, म्हणून आयटीसीचा (त्याच क्रेडिटचा) आकडा हातानं बदलावा लागला. तेवढ्यात दुसऱ्या पार्टीचा फोन आला, 'गाडी बालोत्र्याला निघालीय, ई-वे बिल तेवढं काढून द्या.' ई-वे बिल म्हणजे मालाच्या गाडीसोबत लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद. फोन खांद्यात धरून मी त्याचा गाडी नंबर लिहून घेतला आणि डाव्या हातानं इकडचा आकडा टाकला. मग ओटीपी मागवला. तो जातो मालकाच्या मोबाईलवर आणि मालक कारखान्यात. चोवीस माग चालू असताना तिथं फोन वाजलेला कुणाला ऐकू येणार? चार वेळा लावला, शेवटी त्याच्या पोरानं उचलला. पोरानं ओटीपी वाचून दाखवला, मी घातला, फाइल झालं. घरी जाऊन जेवायला बसले आणि पहिल्याच घासाला लक्षात आलं: ६८,४०० च्या जागी ८६,४०० घातलेत.

३बी एकदा भरलं की दुरुस्त होत नाही. डिसेंबरच्या ३बीत १८,००० उलटवले, तीस दिवसांचं १८ टक्क्यांनी व्याज झालं २६६ रुपये, ते मी माझ्या खिशातून भरलं. पार्टी म्हणाली, 'असू दे ओ मॅडम, माणसाकडनंच चुका होतात.' हे ऐकून जास्त लागलं. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एका कागदावर काट्या मारल्या. मोबाईल वाजला, कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात काही उडी मारून वर आलं, कुणी ओटीपीसाठी हाक मारली, की एक काटी. ११ ते २ या तीन तासांत ४३ काट्या.

कृपा करून ॲप सुचवू नका. दोन घालून बघितली. कामाची आठवण करून द्यायला तीही वाजतात.

तुम्ही लोक हे कसं सांभाळता? विशेषतः ज्यांना फोन बंद करून बसणं परवडत नाही, त्यांनी सांगा.

---

हिंजवडीचा बसप्रवासी | २४ डिसेंबर, सकाळी ८.२०

ताई, मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे हा रोग तुमच्याआधी आला.

पहिलं काम हे करा, आजच. ज्या कॉम्प्युटरवर टॅली आणि रिटर्नं चालतात, त्यावरून व्हॉट्सॲप वेब काढा. पूर्ण लॉग आउट, नुसतं मिनिमाइज नाही. व्हॉट्सॲप एका फोनशिवाय आणखी चार उपकरणांना जोडता येतं, तेव्हा ते एका वेगळ्या जुन्या लॅपटॉपवर लावून ऑफिसातल्या एका मुलीच्या टेबलावर ठेवा. मेसेज तिनं बघायचे, तुम्ही नाही.

दुसरं, फोनवर 'डू नॉट डिस्टर्ब' लावा. लोक घाबरतात की महत्त्वाचा फोन राहील. अँड्रॉइडमध्ये तशी सोय आहे: तोच माणूस पंधरा मिनिटांत दुसऱ्यांदा फोन करत असेल तर वाजू द्यायचा. घरचे नंबर स्टार करून ठेवले की तेही वाजतात. बाकी सगळे मुके.

आणि हे उगाच सांगत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्लोरिया मार्क गेली अनेक वर्षं लोकांच्या मागे घड्याळ घेऊन हेच मोजतायत. कामात खंड पडला की मूळ कामावर परत यायला सरासरी २३ मिनिटं लागतात, हा आकडा त्यांनीच मुलाखतींत सांगितलेला.

---

मागाच्या गावची | २४ डिसेंबर, सकाळी ९.०५

४३ गुणिले २३ केलं. ९८९ मिनिटं. म्हणजे साडेसोळा तास, तीन तासांच्या कामाला! या हिशेबानं मी अजून दिवाळीतच असायला पाहिजे.

चेष्टा बाजूला. लॅपटॉपचं पटलं. आजच करते.

---

काउंटर नंबर तीन | २४ डिसेंबर, दुपारी १.१५

मी मिरजेचा. एका बँकेत छत्तीस वर्षं काढून निवृत्त झालो. मोबाईलचं मला फार कळत नाही, पण तुमची चूक वाचताक्षणी ओळखली म्हणून लिहितो.

१८,००० ला नवानं भाग जातो. फरकाला नवानं नि:शेष भाग गेला की आधी शेजारचे दोन आकडे उलटे पडलेत का बघायचं, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. ६८ चे ८६, फरक १८. ५४ चे ४५, फरक ९. कोणतेही दोन शेजारी उलटे करा, फरक नवाच्याच पाढ्यात येतो. संध्याकाळी डे-बुक जुळलं नाही की आमचे हेडक्लार्क फरकाला मनात नवानं भागायचे आणि म्हणायचे, 'उलटा पडलाय रे कुठंतरी, शोधा.' आणि सापडायचा.

पण तो का सापडायचा, ते महत्त्वाचं. दहा ते दोन गिऱ्हाईक. दोनला शटर अर्धं खाली. मग मंत्री येवो नाहीतर संत्री, पितळी टोकन मिळायचं नाही. दोन ते पाच आम्ही बेरजा मारायचो. लोक आम्हाला शिव्या द्यायचे, 'दोनला बंद करून हे चहा पितात.' पितही होतो. पण बेरीज शटर खाली असतानाच व्हायची. आता तुमच्या हातातलं यंत्र म्हणजे बिनशटरची बँक. चोवीस तास काउंटर उघडा, आणि त्याच टेबलावर डे-बुकही जुळवायचं. हेडक्लार्कनं हे बघितलं असतं तर राजीनामा दिला असता.

दोन टेबलं करा. एक गिऱ्हाईकाचं, एक बेरजेचं. शक्य असेल तर मध्ये भिंत.

(नवाची युक्ती तुमच्या दोन्ही मुलींना शिकवा. कॉम्प्युटर बेरीज बरोबर करतो. उलटा घातलेला आकडा मात्र तो तितक्याच प्रामाणिकपणे बेरजेत धरतो.)

---

गोदाकाठचा करसल्ला | २४ डिसेंबर, रात्री ८.४०

ताई, मी नाशिकला तुमच्याच धंद्यात. द्राक्षवाले, भांडीवाले आणि वर्कशॉपवाले मिळून ऐंशीच्या घरात पार्ट्या. तीन वर्षांपूर्वी मला रक्तदाबाची गोळी सुरू झाली, तेव्हा डोकं ठिकाणावर आलं. बँकवाल्या काकांचं शंभर टक्के खरं, पण आपल्या धंद्यात शटर कुठं ओढायचं हे आधी ठरवावं लागतं. मी काय केलं ते सांगतो. जमेल तेवढं घ्या.

आधी बसून लिहिलं की खरोखर तातडीचं काय असतं. पन्नास गोष्टी निघतील असं वाटलं होतं. निघाल्या तीन. माल भरून उभी असलेली गाडी. ज्या नोटिशीची मुदत आज किंवा उद्या आहे ती नोटीस. आणि चालू फाइलिंगचा ओटीपी. बास. 'लोनसाठी तीन वर्षांची रिटर्नं पाठवा' हे तातडीचं नाही, पार्टी मॅनेजरच्या केबिनमध्ये बसून मागत असली तरी नाही. मॅनेजर पळून जात नाही.

आता एकेक.

गाडी. हे तुमचं सगळ्यात मोठं दुखणं आहे, आणि यावरचा उपाय आपण लोक उगाच करत नाही. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिलाच्या लॉगिनला सगळ्यांनाच ओटीपी सक्तीचा झाला. तो मालकाच्या मोबाईलवर जातो, म्हणून आपण मालकाला फोन करतो आणि मालक आपल्याला. पण त्याच पोर्टलवर सब-युजर तयार करता येतो. त्याला वेगळं लॉगिन, त्याचा स्वतःचा मोबाईल नंबर, आणि ओटीपी त्याच नंबरवर. तुमच्या बालोत्र्याला माल पाठवणाऱ्या पार्टीकडे मुनीम असेल की? त्याला सब-युजर करा. एक रविवार त्याच्यासोबत बसा, पाच बिलं त्याच्याकडून काढून घ्या. सुरुवातीला तो चुकेल. गाडी नंबर चुकला तर पार्ट-बीमध्ये (बिलाच्या गाडीच्या भागात) बदलता येतो. बाकी काही चुकलं तर २४ तासांत रद्द करून नवं काढता येतं. त्यानं जग बुडत नाही. माझ्याकडच्या अकरा पार्ट्या आता स्वतः काढतात. रात्री दोनचे फोन गेले.

यात एक अडचण प्रामाणिकपणे सांगतो: ई-वे बिल काढायचे आपल्याला पैसे मिळतात, ते गेले. मला महिन्याला साडेचार हजारांचा फटका बसला. मी झोप विकत घेतली असं समजतो.

ओटीपी. २० तारखेला चाळीस लोकांच्या मागे पळण्यापेक्षा मी त्यांना वेळ देतो, दवाखान्यात देतात तशी. १६ ते १९ या चार दिवसांत संध्याकाळी ४ ते ६. आदल्या दिवशी मेसेज जातो: 'उद्या ४.२० ला ओटीपी येईल, फोन हातात ठेवा.' तुमच्या मागवाल्याला एवढंच सांगायचं की ४.२० ला कारखान्याच्या बाहेर येऊन उभा राहा. शेडमध्ये ऐकू येत नाही हा तंत्रज्ञानाचा प्रश्नच नाही हो. २० तारीख मी मोकळी ठेवतो, राहिलेल्यांसाठी.

बिलं. माझी तारीख ५. पाचनंतर आलेली बिलं घेतो, पण ३०० रुपये जास्त. हे सांगताना नुसतं 'उशीर चालणार नाही' म्हणू नका, कुणी ऐकत नाही. असं सांगा: तुझी विक्री ११ ला चढली नाही तर तुझ्या गिऱ्हाईकाच्या १४ च्या २बीत दिसणार नाही, मग तो तुझे जीएसटीचे पैसे महिनाभर अडकवून ठेवेल. हे एकदा कळलं की तेच बरोब्बर ४ तारखेला बिलं आणून देतात. लोक आपल्या तारखेला मानत नाहीत, गिऱ्हाईकाच्या शिवीला मानतात.

फोटो. 'फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.' फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप तो बारीक करतं आणि जीएसटी नंबरातला ८ आणि बी सारखा दिसतो. निम्मे परतीचे फोन यातूनच उगवतात.

शेवटचं. व्हॉट्सॲप बिझनेस घ्या आणि ऑफिससाठी वेगळा नंबर. कामाची वेळ त्यात घातली की वेळेबाहेर आलेल्या मेसेजला आपोआप उत्तर जातं. माझं उत्तर असं: 'कार्यालय सकाळी १० ला उघडेल. गाडी उभी असेल तर फोन करा.' हे दुसरं वाक्य घालायला विसरू नका. ते नसलं की माणूस घाबरतो आणि उगाच फोन करतो. असलं की स्वतःलाच विचारतो, गाडी उभी आहे का? नसते.

---

मेलबर्नवासी कोल्हापूरकर | २५ डिसेंबर, सकाळी ६.३०

आमच्याकडे ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून कामाच्या वेळेनंतर बॉसच्या फोनला उत्तर न देण्याचा हक्क कायद्यात आला. पंधरापेक्षा कमी नोकर असलेल्या छोट्या धंद्यांना एक वर्ष जास्त दिलं होतं, त्यांनाही २६ ऑगस्ट २०२५ पासून लागू झाला. फ्रान्समध्ये असा कायदा २०१७ पासून आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं, पण कायदा काही झाला नाही. भारतात हे होईल तेव्हा खरं.

---

गोदाकाठचा करसल्ला | २५ डिसेंबर, सकाळी १०.१०

दादा, कायदा नोकराला. ताई मालक आहेत. त्यांनी फोन कुणाचा उचलायचा नाही, पार्टीचा? पार्टी उद्या शेजारच्या गल्लीत जाईल.

---

टॅलीवाली | २५ डिसेंबर, दुपारी २.३५

मी सोलापूरला एका ऑफिसात असिस्टंट आहे. म्हणजे तुमच्या प्रश्नातली 'एक टॅलीत एंट्री करते' ती मी, असं समजा. गाव वेगळं एवढंच.

सगळे मॅडमना सांगतायत की पार्ट्यांना कसं थांबवायचं. मला एकच विचारायचंय. मॅडम, तुम्ही त्या दोन मुलींना रात्री मेसेज टाकता का?

आमचे सर टाकतात. ११.४० ला. 'उद्या आल्या आल्या अमुक पार्टीचं बँक स्टेटमेंट बघ.' राग नसतो त्यांचा, तेव्हा उत्तरही नको असतं. त्यांना फक्त विसरायची भीती वाटते, म्हणून ते माझ्या फोनमध्ये लिहून ठेवतात. पण फोन माझ्या उशाशी वाजतो. मग मला झोप येत नाही, मी मनातल्या मनात ते स्टेटमेंट बघत बसते. सकाळी ऑफिसात गेल्यावर सर म्हणतात, 'अगं ते राहू दे, दुसरंच आधी कर.'

आणि मेसेज बघायचा लॅपटॉप एका मुलीच्या टेबलावर ठेवा म्हणणाऱ्या दादांना: ४३ काट्या मॅडमच्या कागदावरून उठल्या आणि तिच्या कागदावर गेल्या. तीच टॅली करते ना? मग उलटा आकडा ती घालेल.

वाईट वाटून घेऊ नका. राहवलं नाही म्हणून लिहिलं.

---

हिंजवडीचा बसप्रवासी | २५ डिसेंबर, दुपारी ३.००

मान्य. हा विचारच केला नव्हता.

---

मागाच्या गावची | २५ डिसेंबर, रात्री ९.२०

टॅलीवाली, तुझा मेसेज दुपारी वाचला आणि लगेच लिहायचं धाडस झालं नाही.

आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर मागे मागे गेले. डिसेंबरच्या १ ते २० तारखांत रात्री नऊनंतर मी मुलींना ७१ मेसेज टाकलेत. त्यातला एक पहाटे ५.१० चा आहे, 'ओम टेक्स्टाइलचं' एवढंच. ओम टेक्स्टाइलचं काय, ते आता मलाही आठवत नाही. (नाव बदललंय, असल्या नावाचे गल्लीगल्लीत सापडतील.) खाली दोघींचे अंगठे. ५.१२ आणि ५.३० ला. म्हणजे दोघी जाग्या झाल्या होत्या.

पार्टी माझ्याशी जे करते, तेच मी त्यांच्याशी करते. त्यांना तर दुसऱ्या गल्लीत जायचीही सोय नाही, म्हणून त्या अंगठा देतात.

आज दोघींना विचारलं. थोरली म्हणाली, 'सवय झालीय मॅडम.' धाकटी काही बोलली नाही. तिच्या घरी एकच फोन आहे, आईच्या उशाशी असतो, हे मला आज कळलं.

वडिलांच्या कपाटात कोऱ्या लाल वह्या निघाल्या, सहा-सात. एक घरी आणलीय, उशाशी ठेवणार. रात्री आठवेल ते त्यात लिहायचं, सकाळी दहाला वही ऑफिसात न्यायची. बघू किती दिवस टिकतंय. नाशिकवाल्या दादांचं सगळं कागदावर उतरवून घेतलंय. जानेवारीत करून बघते आणि कळवते. जानेवारी साधा महिना नाही. तिमाहीवाल्यांचं (तीन महिन्यांनी रिटर्न भरणाऱ्यांचं) १३ ला जीएसटीआर-१ आणि २२ ला ३बी पण आहे.

---

काउंटर नंबर तीन | २६ डिसेंबर, सकाळी ७.००

वहीला पहिल्या पानावर तारीख घाला आणि झालेलं काम लाल रेघेनं खोडा. खोडलेलं दिसलं की बरं वाटतं. मोबाईलमध्ये खोडलं की ते नाहीसंच होतं, मग दिवसभर केलं काय ते कळत नाही.

---

मागाच्या गावची | २५ जानेवारी, दुपारी ४.१५

कळवते म्हणाले होते, म्हणून लिहिते. दुपारी लिहितेय, नोंद घ्यावी.

सब-युजरचं आधी. तीन पार्ट्यांचे मुनीम तयार केले. दोघे हुशार निघाले. तिसऱ्या मुनिमानं पहिल्याच बिलात गाडी नंबर मागच्या आठवड्यातल्या टेम्पोचा घातला आणि गाडी कागल नाक्याच्या अलीकडे असताना त्याच्या लक्षात आलं. फोन मलाच. पण यावेळी मी फक्त 'पार्ट-बी उघडा' म्हणाले आणि त्यानं स्वतः बदललं. मला लॉगिन करावं लागलं नाही. चौथी पार्टी मात्र म्हणाली, 'तुम्हीच काढा ओ, आमच्या मुनिमाला व्हॉट्सॲपवर शुभ सकाळ पाठवता येत न्हाई.' त्यांचं मीच काढते.

ओटीपीची वेळ देणं, हे सगळ्यात भारी चाललं. दादा, तुमचे पाय कुठं आहेत? १६ ते १९ मध्ये ३८ जणांचं ३बी झालं. तो चोवीस मागवाला ४.२० ला खरंच बाहेर येऊन उभा राहिला. वर फोन करून विचारतो, 'मॅडम, मी उभा हाय, कुठाय तुमचा ओटीपी?' चार मिनिटं आधीच. २० तारखेला सात जण राहिले होते, त्यातले दोन दरवेळचेच.

भिंत काही बांधता आली नाही, ऑफिसच बारा बाय चौदा. पण वडिलांचं जुनं टेबल मागच्या खिडकीशी लावलंय आणि त्यावर मोबाईल न्यायचा नाही. ११ ते १ मी तिथं, मोबाईल पुढच्या टेबलावर. मुलींचंही तसंच ठरवलं: लॅपटॉपवर मेसेज बघायला एक तास एक जण, पुढचा तास दुसरी, आणि ज्या तासाला जी मेसेज बघते तिनं एंट्रीला हात लावायचा नाही. ही सूचना धाकटीची. हे करताना कामाचा वेग कमी होईल असं मला वाटलं होतं. झालाही, पहिले आठ दिवस.

फसलं ते सांगते. ३०० रुपये जास्त लावायचं म्हटल्यावर एक जुनी पार्टी उठून गेली. वडिलांपासूनची. वाईट वाटलं, दोन दिवस जेवण गेलं नाही. बाकीच्यांनी ३०० द्यायचं कबूल केलं आणि दिले मात्र कुणीच नाहीत. बिलं पण ५ ला आली नाहीत, ८ ला आली. तरी ८ म्हणजे आमच्याकडे सुधारणा. एरवी १० च्या रात्री यायची.

१४ ला २बी बघायचा दिवस आणि नेमकी संक्रांत. ऑफिसच्या नंबरवर सकाळपासून तिळगुळाचे हलणारे फोटो. बिझनेसचं आपोआप उत्तर सुट्टीसाठी लावलेलं, त्यामुळे 'तिळगूळ घ्या, गोड बोला' म्हणणाऱ्या प्रत्येकाला आमच्याकडून गेलं: 'कार्यालय उद्या सकाळी १० ला उघडेल. गाडी उभी असेल तर फोन करा.' एका सूतवाल्यानं खरंच फोन केला. म्हणे, 'गाडी न्हाई मॅडम, पण तिळगूळ उभा हाय.' संध्याकाळी घरी आणून दिला.

नऊनंतरचे मुलींना मेसेज: जानेवारीत आजपर्यंत सहा. शून्य म्हटलं असतं तर खोटं झालं असतं. सहापैकी चार २१ तारखेचे, तिमाहीवाल्यांच्या आदल्या रात्रीचे. वही २३ पानं भरली. रात्री लिहिलेल्यातलं बरंचसं सकाळी वाचलं की खोडून टाकते, करायची गरजच नसते. काका, लाल रेघेनंच.

टॅलीवाली, तुझ्या सरांना हा धागा दाखवायचा की नाही ते तू बघ.

आता एक नवा प्रश्न, नाशिकवाल्या दादांना. ३१ ला टीडीएसचं तिमाही रिटर्न आहे. त्यात पार्ट्यांकडून पॅन नंबर मिळवताना जीव जातो. वीस जणांचे पॅन अजून यायचेत आणि त्यातले नऊ जण फोनच उचलत नाहीत. बहुतेक त्यांनीही 'डू नॉट डिस्टर्ब' लावलंय. तुम्ही हे काय करता?